आखूड नाकाची गाडी

मिस्त्रींनी बॉनेटवर अंगठा दाबला. पत्रा आत गेला, आणि अंगठा उचलताच टुक् करून जागेवर आला.

“बाबा, हात नका लावू. मोजमापं झालीत सगळी.”

“लावला कुठे? बघितलं नुसतं.” त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि लेकीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात विचारलं, “हा पत्रा आहे की वर्तमानपत्र?”

ती हसली नाही. एरवी हसली असती.

मिस्त्रींची उभी हयात ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्यात गेली होती. गाडीला टिचकी मारावी आणि आवाजावरून तिची जात सांगावी, असा त्यांचा लौकिक. जुन्या गाड्या कशा घंटेसारख्या वाजायच्या, हे ते ऐकणारा भेटेल तेव्हा सांगत. एकुलती एक लेक शिकून इंजिनीयर झाली आणि तिला नोकरी लागली ती नव्याकोऱ्या गाड्या आपटून बघणाऱ्या विभागात. “बापाने जन्मभर जोडलं, आता लेक फोडतेय,” असं ते दुकानात हसत सांगायचे. पण घरी या विषयावर फारसं बोलणं होत नसे. आज चाचणी बघायला घरच्या एका माणसाला आणायची परवानगी होती. नवऱ्याऐवजी तिने आपल्याला का आणलं, हे कोडं त्यांना सकाळपासून सुटलं नव्हतं.

गाडी छोटीशी होती, पण जमिनीपासून उंच, ऐटीत उभी. विजेवर चालणारी. पुढे इंजिन नाही म्हणून नाक आखूड, आणि खाली पोटाशी बॅटरीची जाडजूड लादी. आतमध्ये सीटवर माणसाएवढे पुतळे बसवले होते. एक पोक्त बाई त्यांच्या कपाळांना, हनुवट्यांना आणि गुडघ्यांना ओला रंग लावत होती. प्रत्येकाला वेगळा.

“हे कशाला?” मिस्त्रींनी विचारलं.

“रंग जिथे उमटेल तिथे डोकं आपटलं,” पुतळेवाली बाई म्हणाली. ती मागच्या सीटकडे वळली. तिथे लहान मुलाच्या खुर्चीत एक छोटा पुतळा पट्ट्याने बांधला होता. त्याच्या कपाळाला निळा रंग लावून तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. “गेल्या वेळी ह्याच्या बाजूचं दार उघडलंच नाही. कापून काढलं याला. पुतळाच तो, पण आम्ही कुणी त्या दिवशी धड जेवलो नाही.”

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. ती एका वायरीचं टोक उगाच परत परत दाबत होती.

मागे एकदा ती अचानक माहेरी आली होती. ताट पुढे सारून नुसती बसून राहिली होती. नवऱ्याशी बिनसलं असणार, असा तिच्या आईने तर्क लढवला होता आणि जावयाला आडून आडून फोनही केला होता. तो बिचारा गोंधळला होता. ते दिवस मिस्त्रींना आता आठवले.

सगळ्यांना जाड काचेमागे नेलं. आतले दिवे लागले तेव्हा डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं. भोंगा वाजला. लांबच्या टोकाला ती गाडी चिमुकली दिसत होती, आणि काचेसमोर ती जिथे आपटायची तो भक्कम अडथळा. जमिनीतल्या तारेने तिला ओढलं तशी ती कुरकुर न करता, इंजिनाच्या आवाजाशिवाय यायला लागली. मग येणं कसलं, सुटलीच. लेकीने त्यांची बाही धरली होती.

एक धडाका. काचांचा किणकिणाट. मग काहीच नाही.

मिस्त्रींनी आयुष्यभर अपघातानंतरच्या गाड्या पाहिल्या होत्या. अपघात आज पहिल्यांदा पाहिला. इतका वेळ ज्याची वाट पाहिली ते पापणी लवायच्या आत होऊन गेलं होतं.

कुणीही धावलं नाही. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातलेला एक जण एकटाच पुढे गेला. गाडीच्या अंगात वीज उतरली आहे का, ते त्याने यंत्र लावून पाहिलं, वाकून बॅटरीखाली नजर टाकली, आणि मग हात वर केला.

“चला,” लेक म्हणाली.

पुढून गाडी ओळखू येत नव्हती. नाक नावालाही उरलं नव्हतं. एक चाक आडवं पडलं होतं, बॉनेटचा चोळामोळा झाला होता. मिस्त्रींच्या मनात आलं, संपलं. पोरीची सगळी मेहनत मातीत गेली. काय बोलून तिची समजूत घालावी, याची ते जुळवाजुळव करू लागले.

तेवढ्यात त्यांची नजर दाराच्या फटीवर गेली.

दार आणि ते ज्यात बसतं तो खांब यांच्यामधली ती बारीक फट. आतला सांगाडा सूतभर जरी हलला तरी ती फट वर रुंद आणि खाली बंद होते. ठोकलेली गाडी दुकानात आली की मिस्त्री आधी तिथे बघत, मग बाकीचं.

“लावू का हात आता?” त्यांनी विचारलं.

लेकीने मान हलवली.

त्यांनी अंगठ्याचं नख फटीत घातलं आणि वरून खाली नेलं. नख कुठे अडलं नाही. मागच्या दाराला गेले. तिथेही नाही. पलीकडच्या बाजूला जाऊन पाहिलं, परत आले, पुन्हा पहिल्या दाराशी वाकले. हातभर पुढे पोलादाचा चिखल झाला होता आणि इथे शोरूममधून आत्ता काढल्यासारखी सरळ रेघ होती.

पुतळेवाली बाई आली, दोन बोटं हँडलमध्ये घातली आणि मागचं दार उघडलं. घरातलं कपाट उघडावं तसं. छोटा पुतळा पट्ट्यात होता तिथेच होता, एका बाजूला जरासा कललेला. कपाळावरचा निळा रंग तसाच ओला. त्याच्यासमोरच्या सीटच्या पाठीवर, काचेवर, दारावर तिने बारकाईने शोधलं.

“कुठेही नाही,” ती म्हणाली. मग पुन्हा, स्वतःशीच, “कुठेही नाही गं.”

मिस्त्रींची लेक तिथेच जमिनीवर बसली.

नंतर लहानशा खोलीत फिल्म लावली. तिघेच होते. पडद्यावर गाडी मुंगीच्या पावलाने पुढे आली, अडथळ्याला टेकली, आणि तिचं नाक दुमडायला लागलं. आधी टोकाची घडी पडली. ती पुरती बसली तेव्हा तिच्यामागची सुरू झाली, मग तिच्यामागची. कुणी कुणाला ढकललं नाही. ज्याची पाळी आली ते दुमडलं. आणि दारापाशी येऊन सगळं निमूट थांबलं. आत पांढरी पिशवी फुलली, पुतळ्याने तिच्यात तोंड खुपसलं आणि अलगद मागे टेकला.

मिस्त्री पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आले होते.

“पत्रा असा वागत नाही,” ते म्हणाले. “मार बसला की तो कुठे मुडपेल हे देवालाच ठाऊक. हा शहाण्यासारखा ओळीने दुमडतोय. कुणी शिकवलं ह्याला?”

लेक पडद्याकडेच बघत राहिली. पुतळेवाली बाई म्हणाली, “म्हणजे हिने सांगितलंच नाही तुम्हाला? नाकातली ती दुमडणारी दांडी हिने आखलेली आहे. गेल्या वेळचीही हिचीच होती.”

“जमली नसती तर काय सांगणार होते?” लेक म्हणाली. “नाक आखूड, पोट जड. मागून बॅटरीचं वजन ढकलतं आणि पुढे दुमडायला जागाच नाही. गेल्या वेळी घडी मधेच पडली आणि सगळा धक्का दाराच्या खांबावर गेला. मग पोचे सरकवले.”

“कसले पोचे?”

ती उठून गेली आणि तसलीच एक न वापरलेली दांडी घेऊन आली. बॉनेटखाली दोन बाजूंना असतात त्यांतली, चौकोनी, कोरी करकरीत. तिने ती टेबलावर ठेवली.

मिस्त्रींनी चष्मा काढला. हे काम ते डोळ्यांनी करत नसत. अंगठा दांडीवरून सरकत गेला आणि थबकला.

“इथे पोचा आहे.”

“हो.”

“इथेही आहे. हा जरा खोल आहे.”

“हो, बाबा. मुद्दाम दिलेत. पहिली घडी कुठे पडायची, दुसरी कुठे, ते दांडीला त्यांच्यावरून कळतं.”

“माझ्याकडे आली असती तर मी हे ठोकून काढले असते,” ते सावकाश म्हणाले. “हात फिरवला तरी कळलं नसतं, असे काढले असते.”

“ठाऊक आहे मला.”

“आणि कुठे द्यायचे ते तुला कसं कळलं?”

“चुकत चुकत,” ती म्हणाली.

त्यांचा अंगठा एका पोच्यातून दुसऱ्यात गेला, आणि तिथेच राहिला. इवलासा खळगा. तान्ह्या बाळाच्या गालाला पडतो तसा.

खिशातला फोन वाजला. दुकानातला त्यांचा जोडीदार होता. खोली एवढी शांत की त्याचं बोलणं तिघांनाही ऐकू येत होतं.

“ती पांढरी गाडी आलीय. पुढची दांडी चांगलीच वाकलीय. गरम करून सरळ करायला घेतो. गिऱ्हाईक घाई करतंय.”

मिस्त्रींनी टेबलावरच्या दांडीवरचा हात काढला नाही.

“हात लावू नकोस.”

“अरे, तासाभराचं तर काम.”

“तासाभराचंच आहे. नको करूस. नवी मागवायची.”

“नवी? गिऱ्हाईक बरं तयार होईल. आणि आजवर आपण कधी—”

“मी बोलतो त्याच्याशी,” मिस्त्री म्हणाले. “हातोडी खाली ठेव.”

त्यांनी फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. पुतळेवाली बाई हळूच उठून रंगाच्या डब्या आवरायला निघून गेली. मिस्त्री आपल्या तळहातांकडे बघत बसले होते. खुर्ची ओढून लेक त्यांच्या शेजारी बसली.

“ती फिल्म परत लाव,” ते म्हणाले. “सावकाश लाव.”

“याहून सावकाश होत नाही, बाबा.”

“मग परत परत लाव.”