एकोणिसावं बटण

शिवणाच्या टेबलावर सरांच्या बायकोनं खडूनं एकाबाहेर एक अशी चार वर्तुळं काढली आणि बटणांचा डबा त्यांच्या पुढ्यात उघडला.

"अहो, पोटॅशियम. एकोणीस इलेक्ट्रॉन. मी मांडते, तुम्ही नुसतं बघा."

सर खिडकीकडेच बघत राहिले. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते एक अक्षर बोलले नव्हते. शब्द आत आहेत, बोलतं करत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलगी रोज फोटो दाखवून विचारी, "बाबा, हे कोण?" सर मान फिरवत. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला ती बालवाडी सोसत नव्हती.

बायकोनं पहिल्या वर्तुळात दोन बटणं ठेवली. दुसऱ्यात आठ. तिसऱ्यातही आठ झाल्यावर उरलेलं एक बटण ती बोटांत फिरवत राहिली.

"तिसऱ्या कवचात अजून ऐसपैस जागा आहे. मग हेही इथंच." तिनं ते तिसऱ्यात ठेवलं. "झालं पोटॅशियम."

सरांची नजर टेबलावर आली. कपाळाला आठी पडली. डावा हात पुढे झाला आणि त्यानं ते बटण ढकलत ढकलत बाहेरच्या वर्तुळात नेलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"ना... ही. चौ... थ्या."

चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली.

"का पण? आत जागा असताना?" बायकोनं आवाज हलू दिला नाही.

"ऊर्जा... कमी."

तेवढ्यानं दमून ते मागे टेकले, पण चेहऱ्यावर वर्गातला जुना तोरा होता.

स्वयंपाकघरात मुलगी डोळे पुसत म्हणाली, "आई, बरं झालं, तुला ते येत नव्हतं."

"हो ना," म्हणत आई कप विसळत राहिली. पुढच्या खोलीत सरांच्या शिकवण्या चालायच्या तेव्हा पडद्याआड तिचं मशीन चालायचं. पोटॅशियमपाशी पोरं दरवर्षी अडायची, आणि सर दरवर्षी नव्यानं समजावायचे.

दुसऱ्या दिवशी तिनं कॅल्शियम मांडलं. शेवटची दोन्ही बटणं निरागसपणे तिसऱ्या वर्तुळात ठेवली.

या वेळी सरांनी बटणांना हात लावला नाही. ते कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिले.

"लबाड," ते म्हणाले. स्वच्छ, एका दमात.