सगळ्या अँटेनांची तोंडं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमचं घर एक बोट आहे. आगगाडीच्या डब्याएवढी लांब आणि त्याहून अरुंद. इंग्लंडातल्या एका शांत कालव्यात, काठावर ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना ती बांधलेली आहे. छपरावर काठी, काठीवर अँटेना. आत छोटा टीव्ही, तोही बोटीच्या बॅटरीवर चालणारा. आणि त्यात कायम मुंग्या! मग एकाने छपरावर चढून अँटेना फिरवायची आणि दुसऱ्याने आतून ओरडायचं, "आलं! आलं! अरे, गेलं!"

हेटी अशाच बोटीत आजोबांबरोबर राहायची. तिची आई गिरणीच्या बँडमध्ये कॉर्नेट नावाचं छोटं पितळी बिगुल वाजवायची. बँड दौऱ्यावर होता, आणि त्या शनिवारी दुपारी तो टीव्हीवर दिसणार होता. जाताना आई म्हणाली होती, "वाजवायच्या आधी मी टोपी सरळ करीन. ती खूण फक्त तुझ्यासाठी. बघशील ना?"

सकाळपासून हेटी छपरावर होती. शेवटी चित्र असं लख्ख आलं, की आजोबा म्हणाले, "आता श्वाससुद्धा हळू घे गं बाई."

बँड आला. आई उठून पुढे आली. तिचा हात टोपीकडे निघाला.

तेवढ्यात बाहेर इंजिनाचा धडधडाट झाला. बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग कमी करायचा, हे कालव्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ही नवी कोरी हिरवी बोट भरधाव आली. मागे उठलेल्या लाटेने हेटीची बोट अशी हेलकावली, की मऊ मातीतला खुंटा उपटला गेला आणि छपरावरची काठी अँटेनेसकट पाण्यात पडली.

"अहो, हळू!" आजोबा ओरडले.

सुकाणूपाशी उभे होते मिस्टर टास्कर. मागे वळून हसत म्हणाले, "पाण्यावर राहता, मग हलणारच की!"

आजोबांनी आकडा लावलेल्या लांब काठीने अँटेना बाहेर काढली, पुसली, लावली. चित्र परत आलं तेव्हा बँड वाकून नमस्कार करत होता. टाळ्या तेवढ्या दिसल्या.

हेटी रडली नाही. शेजारच्या बोटीतल्या पिमबाई फुटलेल्या बश्यांचे तुकडे फडक्यात बांधून आल्या आणि म्हणाल्या, "मेल्याचं इंजिन बंद पडो! माझ्या लग्नातल्या बश्या होत्या."

"पुढे कालवा संपतो," हेटी म्हणाली. "गेला तसा परत येईल. आपल्या रांगेच्या टोकाला, नळापाशीच काय ती जागा रिकामी आहे. आणि उद्या संध्याकाळी टीव्हीवर स्नूकरचा अंतिम सामना आहे. तो कुणीच चुकवत नाही."

"मग?"

"इथे नवा माणूस अँटेना कशी लावतो?"

पिमबाईंनी तुकडे खाली ठेवले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. टेकडीमागचा टीव्हीचा मनोरा इथून कुणालाच दिसत नाही. त्यामुळे नवा माणूस कुणाला विचारतही नाही. रांगेतल्या अँटेनांची तोंडं जिकडे, तिकडेच आपलीही करतो.

रविवारी दुपारी हेटी एकेका बोटीवर गेली. कुणाची चहाची किटली उलटली होती, कुणाचं मांजर पाण्यात पडलं होतं. कुणी नाही म्हटलं नाही. पिमबाईंना मात्र जरा जड गेलं. "माझा आवडता खेळाडू आहे गं आज," त्या पुटपुटल्या, आणि काठी फिरवून आल्या. संध्याकाळ व्हायच्या आत साऱ्या रांगेने मनोऱ्याकडे पाठ केली होती.

हिरवी बोट आली, नळापाशी लागली. टास्करसाहेबांनी रांगेवरून नजर फिरवली आणि आपली अँटेना ऐटीत तिकडेच वळवली. मग आत गेले. बाहेर आले. थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे. आत, बाहेर, आत, बाहेर. काठी उंच करून झाली, वायर बदलून झाली, टीव्हीवर थापा मारून झाल्या. दोन बोटी सोडून पिमबाई पडद्याआडून बघत होत्या आणि तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

अखेर ते हेटीच्या बोटीशी आले. घामाघूम झाले होते. "काका, तुमच्याकडे दिसतंय का हो? शेवटचा डाव चाललाय!"

"नाही बुवा," आजोबा म्हणाले. ते खरंच होतं. "अँटेनेचं सगळं आमची हेटी बघते."

"बाळ, जरा सांग ना. वर्षभर वाट पाहिली मी या सामन्याची."

"माझी आई काल टीव्हीवर होती," हेटी म्हणाली. "कॉर्नेट वाजवणार होती. तेवढ्यात तुम्ही आलात."

टास्करसाहेबांनी छपराकडे पाहिलं. काठीला अजून शेवाळ चिकटलेलं होतं. "मला काय माहीत," ते म्हणाले. "जराशी लाट तर होती."

त्यांनी एवढंच म्हटलं नसतं, तर कदाचित तिने तेव्हाच सांगितलं असतं.

"बसा," ती म्हणाली. "येतेच."

ती आत गेली. आजोबांचा छोटा रेडिओ कानाला लावून बसली, आणि तिने एक बिस्कीट अगदी कडेकडेने कुरतडून खाल्लं. बाहेर टास्करसाहेबांच्या बुटांची टकटक चालली होती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. रेडिओवर शेवटचा चेंडू पडला. लोक ओरडू लागले.

मग हेटीने रेडिओ बंद केला, हात झटकले आणि ती टास्करसाहेबांना घेऊन हिरव्या बोटीपाशी गेली. छपरावर चढून तिने त्यांची अँटेना सरळ टेकडीकडे फिरवली.

आत चित्र आलं. अगदी लख्ख, एकही मुंगी नाही. जिंकलेला खेळाडू चषक उंचावत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"संपलं?" टास्करसाहेब म्हणाले. "म्हणजे संपलं?"

"टाळ्या तेवढ्या दिसतात," हेटी म्हणाली. मग खाली उतरून ती रांगेतल्या एकेका छपरावर चढली आणि तिने सगळ्यांच्या अँटेना परत जागेवर फिरवल्या. पिमबाईंची सगळ्यात आधी.