रडणारी रायफल आणि माझी चिठ्ठी

रायफल रडायची वेळ सकाळी अकराची. साडेदहालाच जिन्यावर रांग लागे आणि चपलांचा ढीग माझ्या दाराशी पडे. वरच्या घराच्या आतल्या खोलीत, काचेच्या पेटीत ती आडवी ठेवली होती. शत्रूकडून हिसकावलेली, नळीत शिसं ओतून निकामी केलेली. ती घेऊन आलेले फौजीबाबा पेटीतले दोन मोठे बल्ब लावत आणि डोळे मिटून पुटपुटू लागत. लोखंड विसरत नाही म्हणे, ज्या हातानं ओढून घेतलं त्या हाताची आठवण काढतं. पाऊण तासात लाकडी दस्त्यावर तांबूस थेंब जमत आणि लोक हात जोडत. बाबा कोणत्या पलटणीत होते, असं टपालवाल्यानं एकदा विचारलं, तेव्हा सगळ्याच पलटणी माझ्या, असं उत्तर मिळालं.

तो हात त्या घरच्या मुलाचा. सहा वर्षांपूर्वी खिंडीतल्या लढाईत तो बेपत्ता झाला. त्याच लढाईत त्यानं ही रायफल हिसकावली आणि ती रडते तोवर तो जिवंत आहे, असं बाबांचं सांगणं. अट एकच: त्याच्या बायकोनं रायफलीच्या खोलीतच राहायचं, उंबरा ओलांडायचा नाही, ओलांडला की तिकडे त्याचा श्वास तुटेल. ही सून शिलाईच्या कारखान्यात कापड बेतायची. आता सात महिने त्या खोलीत होती. मोरी आतच होती, ताट दारातून सरकवलं जाई.

आणि तिला कोंडणाऱ्यांत मीही होतो.

तीस वर्षं मी संग्रहालयात शस्त्रांच्या नोंदी केल्या. म्हणून तिच्या सासूनं मला बोलावलं. मी काचेतूनच खटक्यावरच्या लोखंडी भागावरचा शिक्का आणि साल वाचलं, घरी पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि चिठ्ठी लिहून दिली: शत्रूच्या कारखान्यातली, अकरा वर्षांची, त्या लढाईत असू शकेल. बाबांनी ती चौकटीत घालून पेटीवर टांगली आणि 'असू शकेल'चं 'आहे' असं वाचून दाखवलं. मला ते खटकलं, पण वर जाऊन चारचौघांत बोलणं माझ्यानं झालं नाही.

चिठ्ठीची शाई फिकटली म्हणून एका दुपारी मला पुन्हा बोलावणं आलं. सासू दौत आणायला दुकानात गेली, तशी सून हळू आवाजात म्हणाली, "काका, ही बाबा नसतानाही रडते. बल्ब लावले की रडते. मी बारा वेळा लावून पाहिलं."

 रायफली साठवायच्या आधी दाट ग्रीसमध्ये बुडवतात. लाकूड ते पितं आणि ऊब लागली की घाम यावा तसं बाहेर टाकतं. दर उन्हाळ्यात आमच्या कपाटातले दस्ते मी स्वतः फडक्यानं पुसलेत. आणि हे मला आठवू नये?

मग दुसरी चूक आठवली. जुन्या रायफलीला कारखान्यात नवी नळी बसवतात. वरचं साल म्हणजे सगळ्या रायफलीचं वय नव्हे. तिनं शिलाई मशीनचे स्क्रू फिरवायचा पेचकस दिला. पेटीचं झाकण उचलून मी दस्ता काढला. नळीच्या पोटावर शत्रूचाच शिक्का होता, आणि साल लढाईच्या पुढच्या वर्षाचं.

जिन्यावर सासूची चाहूल लागली. ती आत येण्याआधी सगळं होतं तसं बसवलं आणि तिच्यासमोर फक्त चिठ्ठी गिरवून खाली आलो. सांगितलं तर म्हातारीचा मुलगा दुसऱ्यांदा हरवणार, नाही सांगितलं तर सून तिथंच म्हातारी होणार. मी भित्रा माणूस. दुसऱ्या सकाळी वर गेलो तो सुनेनं हाक मारली म्हणून.

अकराला बाबांनी बटण दाबलं. बल्ब लागले नाहीत. दिव्यांचं काय एवढं, म्हणून त्यांनी मंत्र सुरू केले. पाऊण तास झाला, तास झाला. दस्ता कोरडाच. बाबा घाम पुसत म्हणाले, "खोलीत पाप शिरलंय."

"पाप नाही बाबा," सून म्हणाली, "प्लग काढलाय."

कुणीतरी फसकन हसलं. तिनं प्लग लावला. बाबांचे मंत्र बंद, आणि रायफल मात्र पाऊण तासात रडायला लागली. तिनं तो थेंब बोटावर घेऊन सगळ्यांना हुंगायला दिला. ग्रीसचा वास. मग मी दस्ता उघडला आणि नळीवरचं साल दाखवलं. मुलानं रायफल त्या लढाईतच हिसकावली असती, तर पुढच्या वर्षी तिला शत्रूच्या कारखान्यात नवी नळी कशी बसली असती?  चपला न शोधताच बाबा जिना उतरले.

सासूनं मला विचारलं, "म्हणजे माझा मुलगा गेला, भाऊजी?"

"मला माहीत नाही, वहिनी. पण या रायफलीलाही माहीत नाही."

तिनं पेटीचा प्लग काढला. मग सुनेला म्हणाली, "माझ्या चपला घाल. तुझ्या कुठं टाकल्या, आठवत नाही."

सासूच्या चपला घालून सून उंबरा ओलांडून बाहेर पडली.

मी चौकटीतली चिठ्ठी काढून फाडली. वाचणाऱ्यांना एवढंच सांगतो: चमत्कार दिसला की आधी प्लग काढून बघा. आणि जाणत्या माणसाचा कागद दाखवला, अगदी माझ्यासारख्याचा, तरी दस्ता उघडल्याशिवाय मान डोलावू नका.