हँडलला हयातीची वॉरंटी

पुंजारामनं त्याचा सगळ्यात लांब षटकार मारला तो मेल्यावर. ऐकीव सांगत नाही. त्या सामन्यात अंपायर मी होतो आणि त्याच्या समोरच उभा होतो. गोल्फ क्लबचं मैदान, अठ्ठ्याण्णवचा चैत्र, समोर सिन्नरचा संघ, आणि ऊन असं की विकेटकीपरच्या ग्लोव्हजवर भाकरी शेकावी. बॉलर धावत निघाला तेव्हा पुंजाराम जिवंत होता, हे मी देवासमोर सांगेन. चेंडू टप्पा खाऊन उठला तेव्हा त्याचे डोळे पांढरे झालेले होते, जबडा सुटला होता. बॅट मात्र फिरली. दोन आवाज झाले. एक चेंडूचा, दुसरा हँडल मोडल्याचा. चेंडू झाडांवरून त्र्यंबक रोडच्या पलीकडे गेला, आणि पुंजाराम मोडक्या बॅटीवर कपाळ टेकून खाली बसला तो बसलाच.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, चेंडू येण्याआधीच गेले असावेत. सिन्नरचा कॅप्टन माझ्याशी भांडायला लागला, "मेलेल्या माणसाच्या धावा कशा धरता?" मी म्हटलं, कुठल्या नियमात बसत नाही ते दाखव. सहा धावा दिल्या. आमचं मखमलाबाद जिंकलं, आणि जिंकल्याचं भान कुणालाच राहिलं नाही.

पुंजारामचा मळा माझ्या शेजारीच. झेंडू, शेवंती, मोगरा. त्याच्या बायकोचा, लंकाबाईचा, हात मुंडावळ्यांचा होता. दिंडोरीपासून माणसं यायची. तिनं गुंफलेली मुंडावळ नवरीच्या कपाळावर अशी बसायची की जणू केसांतून उगवली आहे. पुंजाराम गेला आणि ते सगळं थांबलं. सुटी फुलं तिच्याकडून घ्यायचे, तोलून, भाव पाडून. मुंडावळ्या नकोत. पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचं नवरीच्या कपाळाला कोण लावणार?

वर्षश्राद्ध झालं आणि वैशाखात रूपालीचं लग्न ठरलं. रूपाली ही पुंजारामच्या थोरल्या भावाची पोर, पण वाढली लंकाबाईच्या कडेवर. तिची आई नवसाबाई, म्हणजे लंकाबाईची मोठी जाऊ, दारात येऊन सांगून गेली, "फुलं तू दे, लंके. गुंफायला मी दुसरी सवाशीण बघितलीय."

लंकाबाई रडली नाही. संध्याकाळी माझ्या बांधावर येऊन उभी राहिली.

"नाना, माणूस घरात असल्यावर बाई विधवा कशी व्हती?"

"कोणता माणूस?"

"चला, दावते."

दिवेलागणीची वेळ. फुलं ठेवायची त्यांची एक खोली होती, मातीच्या जमिनीची. ओली बारदानं, टोपल्या, आणि कोपऱ्यात टेकवलेली ती बॅट. हँडल पात्याच्या वर पिचलेलं, दोऱ्यावर लोंबकळत होतं. खोलीभर मोगऱ्याचा वास यायला हवा होता. येत होता रबरी ग्रिपला घाम लागल्यावर येतो तसा.

मग आवाज आला. ठक. ठक. बॅट्समन वाकून बॅट जमिनीवर आपटत चेंडूची वाट बघतो ना, तसा. ठक, ठक, आणि मग खर्र. पुन्हा ठक, ठक, खर्र. कोपऱ्यातली बॅट हलत नव्हती. आवाज खोलीच्या मधून येत होता, आणि तिथं जमिनीत वाटीएवढा खळगा पडला होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यातली माती किंचित उडाली.

मी तो खळगा ओळखला. पुंजाराम नेहमी मिडल अँड लेग गार्ड घ्यायचा, म्हणजे मला विचारून त्या दोन स्टंपांसमोर बॅटनं खूण ठोकायचा. आणि काय सांगू, माझा हात आपोआप वर गेला. सवयच ती. बोट तिरकं करून मी म्हटलं, "जरा तुझ्याकडे." खळग्याच्या डाव्या अंगाला माती सरकली.

"बघितलं?" लंकाबाई म्हणाली. "मोडक्या दांड्यानं उभं ऱ्हावं लागतंय त्यांना. खर्र झालं का लय त्रास व्हतो. त्यांची बॅट नीट करून आणू, नाना. मग बघू कोण मला विधवा म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही भद्रकालीत धोंडीरामकडे गेलो. खाटा, पाट, देव्हारे आणि बॅटी, सगळं एकाच पटाशीनं दुरुस्त करणारा माणूस. त्यानं बॅट हातात घेतली, आणि लगेच गोणपाटावर ठेवली.

"गार का लागतीय ही?"

"सावलीत होती," मी म्हटलं.

त्यानं पिचलेल्या जागी नख घातलं, पात्यावरचं लेबल वाचलं. "वैनी, मी हात लावणार नाय. वॉरंटी हाय हिच्यावर."

लंकाबाईचा चेहरा उतरला. "वॉरंट? त्यांनी कुणाचं काय केलं?"

"वॉरंट नाय ओ, वॉरंटी! कंपनी फुकट करून देते. मी एकदा पाचर काढली, सरस ओतला, का संपलं. मग कंपनी म्हणंल, बाहेरच्यानं उघडली, आता आमचा संबंध नाय. आधी दुकानात जाऊन या."

दुकान मेन रोडला होतं, दीपकशेठचं. पुंजारामनं बॅट तिथूनच घेतली होती, आणि तिच्याबरोबर आलेलं कार्ड लंकाबाईनं ट्रंकेत साड्यांखाली जपलं होतं. दीपकशेठनं चष्मा चढवला आणि रोज शंभरदा म्हणतात तशा सुरात सुरू केलं.

"पात्याला सहा महिने. तेसुद्धा लाकडात मूळचा दोष असेल तर. ओल लागली, कडा चिरल्या, यॉर्करनं तळ फुटला, तेल न पाजता खेळलात, तर काही नाही. हँडलला मात्र हयातीची वॉरंटी आहे."

"कुणाच्या हयातीची?" लंकाबाईनं विचारलं.

"मूळ ग्राहकाच्या. नाव आहे ना कार्डावर, त्याच्या. वारसाला मिळत नाही, ताई. शेत नाही हे, सातबाऱ्यावर नाव चढवायला." मग त्याला तिचं कपाळ दिसलं, आणि तो ओशाळला. "हँडल मोडलं तेव्हा ते हयात होते का?"

"तो वाद आहे," मी म्हटलं, आणि सगळा प्रसंग सांगितला. दीपकशेठ दोनदा पाणी प्यायला.

"नाना, हे मी कंपनीला कसं लिहू? आधी माणूस गेला का आधी हँडल?"

"तवाचं सोडा," लंकाबाई म्हणाली. "आत्ता हयात असला तर चालंल ना?"

"चालेल की. दावा करताना ग्राहक हयात असला की झालं."

"मग हायेत ते."

दीपकशेठनं माझ्याकडे पाहिलं. मी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन, मी जिवंत आहे अशी सही करून देणारा पेन्शनर. हयातीचा दाखला म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक. मी म्हटलं, "शेठ, बँकेचा साहेबसुद्धा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाऊन बघून येतो. तुम्ही या."

आता खरं सांगतो, तो आला ते आम्हाला खोटं पाडायला. स्कूटर बांधावर लावली, शिक्क्याची डबी खिशात, ओठांवर हसू. खोलीच्या उंबऱ्याशी चपला काढताना ते हसू तिथंच राहिलं.

ठक. ठक. खर्र.

"उंदीर असेल," तो म्हणाला.

"उंदीर मिडल अँड लेग घेतो का?" मी विचारलं.

तो खळग्याकडे वाकला, आणि एकदम मागे सरकला, बॅटच्या आवाक्यातून सरकतात तसा. आम्ही तिघं खोलीत होतो. श्वास मात्र चार ऐकू येत होते. चौथा जड, जरा घाईचा, रन पळून परत जागेवर आलेल्या माणसाचा.

"लिहितो," दीपकशेठ म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "ग्राहक समक्ष पाहिला, हयात आहे, असं लिहितो. शिक्का देतो. कंपनीचं लेटरहेड असतं ताई, कुणी नाही म्हणणार नाही."

लंकाबाईनं डोळे मिटले. तिला तो कागद दिसत होता, हे मला कळत होतं. नवसाबाईपुढे धरलेला, शिक्क्याची निळी शाई अजून ओली. कपाळाला कुंकू, मांडीवर मोगरा, समोर रूपाली.

"नवी बॅट आठवड्यात येईल," दीपकशेठ लिहिता लिहिता म्हणाला. "ही जुनी मी आत्ता घेऊन जातो. जमा केल्याशिवाय दावा पुरा होत नाही. कंपनी तिचे दोन तुकडे करते, पुन्हा कुणी तीच घेऊन येऊ नये म्हणून."

ठकठक थांबली. चौथा श्वासही. वैशाखातली संध्याकाळ होती आणि माझ्या हातावरचे केस थंडीनं उभे राहिले. टोपलीतला मोगरा एका क्षणात कडेनं तांबूस पडला, बर्फात ठेवल्यासारखा.

लंकाबाई उठली, कोपऱ्यातली बॅट उचलली आणि तान्ह्या पोराला धरतात तशी छातीशी धरली.

"ऱ्हाऊ द्या शेठ. फाडा तो कागद."

"ताई, विचार करा. बाहेर दुरुस्त केलीत तर वॉरंटी कायमची रद्द. पुढं काही झालं तर आम्ही बांधील नाही."

"आता काय व्हायचं ऱ्हायलंय?"

दीपकशेठनं कागद फाडला, आणि स्कूटर सुरू न करताच डांबरी रस्त्यापर्यंत ढकलत नेली.

धोंडीरामनं बॅट भरदुपारी, रस्त्यावर, चार माणसं बाजूला बसवून दुरुस्त केली. जुनी पाचर काढून नवी ठोकली, सरस ओतला, सुतळीनं आवळून दोन दिवस उन्हात ठेवली, वर काळा दोरा आणि नवी ग्रिप. शेवटी जवसाचं तेल चोळलं. परत देताना म्हणाला, "नाना, मी एका बाजूनं ठोकत होतो, तर दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरून होतं. पुन्हा आणू नका."

बॅट कोपऱ्यात ठेवली त्या संध्याकाळपासून खर्र गेलं. ठक. ठक. ठक. स्वच्छ. मी माझ्या ओट्यावरून ऐकायचो, आणि दर ठोक्याला माझे डोळे नकळत बॉलर शोधायचे.

हळदीचा दिवस आला. मळ्यात मांडव, बायकांची गर्दी, मी खांबाला आंब्याचे टहाळे बांधत होतो. तेवढ्यात सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. लंकाबाई फुलांच्या खोलीच्या दाराशी पाट मांडून बसली होती. पुढ्यात मोगरा, हातात दोरा, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

नवसाबाई बायकांमधून वाट काढत आली.

"लंके, पूस ते."

"का?"

"माझ्या पोरीचं लग्न हाय उद्या! येड लागलं का तुला? कुंकवाला धनी लागतो."

"हाय की."

"कुठं हाय? दाव ना. ह्या चार बायांना दाव."

मला वाटलं, आता ती बॅट बाहेर आणणार. खळगा दाखवणार. तिनं काही केलं नाही. मान वर केली नाही, फूल ओवायचं थांबवलं नाही. दोरा दातांनी तोडला आणि पाठीमागच्या अंधाऱ्या दाराकडे, रोजच्या कातावलेल्या सुरात हाक टाकली.

"अहो..."

आतली ठकठक थांबली.

"हं?"

तो हं तुम्हाला माहीत आहे. रेडिओवर कॉमेंट्री चालू असताना, बायको काय म्हणते त्यातलं एक अक्षर न ऐकता नवरे जो देतात, तो. मांडवातल्या प्रत्येक बाईनं तो ओळखला. एकीच्या हातातलं हळदीचं ताट खाली आलं आणि कुणी उचललं नाही. नवसाबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण तोंडाला वर्षानुवर्षांची सवय, ते आपलं आपण बोलून गेलं.

"भावजी... च्या टाकू का?"

आत पुन्हा ठक, ठक, ठक सुरू झाली.

नवसाबाई लंकाबाईच्या पाटाशेजारी मटकन बसली, बराच वेळ त्या कुंकवाकडे बघत राहिली, आणि मग तिनं लोंबणाऱ्या दोऱ्याचं दुसरं टोक हातात धरलं, जावेला गाठ मारता यावी म्हणून.

मुंडावळ्या बांधल्या तेव्हा कपाळाला गार बोटं लागल्यासारखी वाटली, असं रूपाली अजून सांगते. मोगरा ओला होता. दुसरं काय असणार?