गोलाची मागची बाजू

मी एक जुना खांब आहे. सामोआ बेटांवरच्या आमच्या गावाची सगळी अब्रू माझ्या खांद्यावर उभी आहे. खरं तर छपराचा एक कोपरा. बाकीचे खांब उगीच रागावायला नकोत.

मित्रांनो, मला जंगलातून आणलं, तासलं आणि काथ्याने बांधलं. अंगात एकही खिळा नाही. आमच्या सभाघराला भिंती नाहीत. प्रत्येक प्रमुख आपापल्या खांबाला टेकून गोलात बसतो. सगळे हो म्हणाले तरच गावाचा निर्णय होतो, नाहीतर पुन्हा बसायचं. माझ्यापाशी लेमालू आबा बसतात. त्यांच्या पाठीने मला एका जागी गुळगुळीत केलं आहे. ते मी पदक समजतो.

मग समुद्रापलीकडच्या एका मोठ्या सरकारला आमच्याविषयी प्रेम वाटू लागलं. जिथे गाव मासे धरतं, त्या खडकांवर त्यांना आपल्या लढाऊ जहाजांसाठी धक्का हवा होता. मागण्याआधी त्यांनी समोरच्या मैदानात नवं सभागृह बांधून भेट दिलं. काचा, गार हवा, खुर्च्या. खांब मात्र एकही नाही. माझ्यापाशी लोक नारळाचे झाप रचू लागले.

पहिल्या सभेला त्यांच्या वकिलातीचे साहेब जागा दाखवत होते. भोंगा चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आबा, आपण मागच्या रांगेत."

"मागे? गोलाला मागची बाजू असते होय?"

"इथे गोल नाही. हात वर करायचे, मोजायचे, झालं."

धक्क्याला हो म्हणणारे पुढे बसले होते. नाही म्हणणारे एकटे आबा, ते दाराशी.

"बरं झालं," बाहेर उभी असलेली त्यांची बायको पेनिना म्हणाली, "दार लावायला माणूस लागणारच होता."

सभेआधी आमच्यात कावा नावाचं मुळांचं पेय वाढतात. पेला आधी कुणाला, हे खांबावरून ठरतं. वाढणारा टाविता रांगांमध्ये पेला धरून उभा राहिला.

"कुणाला देऊ?"

"द्या कुणालाही," साहेब म्हणाले.

थोरले प्रमुख सेइउली पहिल्या रांगेतून उठले. "कुणालाही देतात तो कोको, साहेब."

सगळे मैदान ओलांडून आमच्याकडे आले. आबांनी झाप बाजूला सारले आणि पाठ टेकली. पेला फिरला. साहेब बाहेर उन्हात उभे राहिले. त्यांचा खांब नव्हता.

"खडक आमचे आहेत. धक्का नको," आबा म्हणाले.

"आबा, फारच ताठ बसता तुम्ही," सेइउली म्हणाले.

"पाठीला खांब आहे ना."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी समजावलं. आबा हलले नाहीत, मीही नाही. सगळ्यांचं हो काही जमलं नाही, धक्का नामंजूर झाला.

मित्रांनो, खांबाला रंगरंगोटी नको असते. टेकून नाही म्हणणारं माणूस तेवढं पाठवत जा.

धक्का आता शेजारच्या गावात होतो आहे. त्यांच्याकडे खुर्च्या आमच्याआधीच आल्या होत्या.