पंधराची गाडी अकरावर

"लिटरला पंधरा द्यायची रे गाडी, रघू. आता अकरा. मधल्या चारचं पेट्रोल काय मी पितो?"

दत्ताराम काका गॅरेजात शिरले ते असे. मी एका स्कूटरचा ब्रेक आवळत होतो. म्हटलं, आधी बसा. बसले नाहीत. गिऱ्हाइकासमोर हातवारे करत उभेच.

काकांची गाडी म्हणजे काकांची नव्हे, एका ट्रस्टची. पावसकडच्या सहा पेशंटांना आठवड्यातून तीनदा रत्नागिरीत डायलिसिसला आणायचं, चार तास थांबायचं, परत ज्याला त्याला घरी पोचवायचं. बारा वर्षं हेच काम. गाडीला देवघरासारखं जपायचे. चपला मागच्या सीटखाली पेपरावर काढून ठेवायच्या आणि अनवाणी चालवायचं. मी कधी ग्रीसचे बूट घेऊन आत चढलो तर माझा उद्धार ठरलेला. मला चीड यायची त्या सोवळ्याची.

"नम्रताताई काय म्हणाल्या?" मी विचारलं. ट्रस्टचं ऑफिस त्या बघतात.

"त्यांनी काय विचारलंन नाय. तेच तर! नुसत्या म्हणाल्या, काका, गाडीचं काय ते रविवारपर्यंत बघून घ्या. आणि माझ्याकडे बघितलंन पण नाय." काकांचा आवाज एकदम खाली आला. "ऑफिसातला तो शिपाई हसला रे. ड्रायव्हरची गाडी पेट्रोल जास्त खायला लागली की लोक काय समजतात, तुला मी सांगायला हवं?"

नको. मी वीस वर्षं गॅरेज चालवतो.

गाडी ठेवून घेतली. टायरात हवा बरोबर. फिल्टर साफ, प्लग साफ. चारही चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली, कुठं ब्रेक धरत नव्हता. टाकीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी त्यावर थेंब नाही. शेवटी शुक्रवारी स्वतःच निघालो. पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, पावस ओलांडून पुढं जाऊन आलो आणि त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरली. साठ किलोमीटर झाले होते. चार लिटर बसलं.

पंधरा. चोख पंधरा!

आता आली का पंचाईत? माझ्या हातात पंधरा देते आणि काकांच्या हातात अकरा. खरं सांगतो, माझ्याही मनात आलं. बायकोचं आजारपण असेल, मुलगा मुंबईहून काही पाठवत नसेल, माणूस कधी घसरतो कुणी सांगावं. हा विचार आला आणि माझीच मला किळस वाटली. पण आला, तो आलाच.

काका गॅरेजाच्या पायरीवर वाट बघत बसले होते. आकडा सांगितला तर चेहरा पडला.

"म्हंजे चोर मीच ठरलो."

"मी असं म्हटलं का?"

"तुझं तोंड म्हणतंय." ते उठले. चप्पल चढवायला गेले, ती पायातून निसटली, पुन्हा चढवली. "चल. बस गाडीत. मी चालवतो, तू बघ. आत्ताच्या आत्ता."

भाट्याच्या पुलापर्यंत काही वावगं दिसलं नाही. काका नेहमीसारखे सावकाश, हॉर्न न वाजवता चालवत होते. पूल संपून घाटीचा चढ लागला आणि इंजिन ओरडायला लागलं. नुसतं ओरडत होतं, गाडी वेग घेत नव्हती. मग तो वास आला. झोपेतसुद्धा ओळखेन मी तो. क्लचप्लेट जळत होती.

मी खाली बघितलं. काकांचा डावा पाय क्लचच्या पेडलवर होता. बोटं वाकवून आरामात टेकलेला. पेडल निम्मं दबलेलं. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतच नव्हता, पेट्रोल नुसतं जळत होतं.

"काका, क्लचवरचा पाय काढा."

"काढलाय."

"नाही काढलात."

"अरे काढलाय म्हणतो ना! चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी, तू मला क्लच शिकवणार?"

असं म्हणत त्यांनी खाली बघितलं. मग हात घालून, मांडीला धरून पाय उचलला आणि बाजूला ठेवला.

मी म्हटलं, बाजूला घ्या. गाडी थांबली. उतरून त्यांच्या बाजूला गेलो, दार उघडून तो पाय बाहेर घेतला. अंगठ्याखाली काचेचा तुकडा रुतला होता. भोवती काळं पडलेलं.

"हे कधी लागलं?"

"काय लागलं?"

तुकडा दाखवला. ते वाकून बघायला लागले.

"ठमाबाईंचं असंच झालं होतं," ते म्हणाले. ठमाबाई म्हणजे त्यांच्या सहा पेशंटांतली एक. "चप्पल गळून पडायची, त्यांना कळायचं नाय. मग दोन बोटं काढली. मीच नेलं होतं त्यांना दवाखान्यात."

"शुगर तपासलीत कधी?"

"सगळं डोळ्यांनी बघतो ना रे रोज. मग आपलं तपासायला धीर कुठून आणायचा?" ते ओशाळं हसले. "गेल्या वर्षी मुंग्या यायच्या पायाला. मग आपोआप थांबल्या. म्हटलं, सुटलो."

मला मेकॅनिकला जे सुचतं तेच सुचलं.

"काका, ताईंना सांगू क्लचप्लेट खराब आहे. खोटं नाही ते. नवी टाकतो. तुमच्यावरचा आळ जाईल. पायाचं डॉक्टरांना दाखवू, कुणाला कळायचं कारण नाही."

आता सांगताना लाज वाटते. तेव्हा मात्र मनापासून बोललो होतो.

काकांनी वळून मागच्या रिकाम्या सीटांकडे बघितलं. "आज डावा. उद्या ब्रेकवरचा असा झाला तर? सहा माणसं असतात रे मागं. आधीच अर्धमेली झालेली."

तिथंच त्यांनी फोन लावला.

"ताई, दत्ताराम. पेट्रोल कोणी घेतलंन नाय. गाडी पण चांगली हाय. माझा पाय क्लचवर राहतो आणि मला कळत नाय. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघा."

पलीकडून ताई म्हणाल्या, "काका, मला तुमच्यावर संशय नव्हता हो."

"होता ताई. तुमची चूक नाय त्यात." पुढं म्हणाले, "नव्या माणसाला सांगा, ठमाबाईंना पुढं बसवायचं. पाठी बसल्या की त्यांना मळमळतं."

फोन ठेवला. किल्ली काढून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, सरळ डॉक्टरकडे जाऊ. ते हो म्हणाले, गाडीला धरत धरत पलीकडे गेले आणि डावीकडच्या सीटवर बसले.

मी गाडी चालू केली. काकांनी सवयीनं उजव्या खांद्यावरून हात मागं नेला आणि बेल्ट शोधायला लागले. तिथं बेल्ट नव्हता. हात तसाच चाचपडत राहिला. मी वाकून त्यांच्या डाव्या बाजूचा बेल्ट ओढला आणि लावून दिला.