परत आणि बदल

मुलांनो, असं समजा की तुम्ही चपलाबुटांच्या एका मोठ्या दुकानात शिरला आहात. समोर आरसे आहेत, दिवे आहेत, काचेच्या फळ्यांवर चकचकीत बूट मांडले आहेत. तिकडे बघत उभे राहू नका. तसेच आत चला, लहान मुलांच्या विभागाला वळसा घाला आणि जिन्याखाली या. इथे उजेड जरा कमी आहे. एक टेबल आहे, टेबलामागे एक बाई बसल्या आहेत, आणि टेबलापुढे एक गृहस्थ बूट हातात धरून त्यांच्याशी हुज्जत घालत आहेत.

"एकदाच घातलाय हो. तोही लग्नात."

बाईंनी बूट उलटा केला. टाचेच्या खाचेत वाळलेला चिखल होता आणि चिखलात गवताची काडी.

"लग्न शेतात होतं का?"

"लॉनवर होतं."

"आणि नाचलात."

"मग काय, लग्नात नुसतं बसून राहायचं?"

"नाचा की. नाचलेला बूट परत होत नाही, एवढंच म्हणते मी."

"बरं, परत राहू दे. बदलून द्या."

"नाचलेला बदलूनही मिळत नाही, भाऊ."

गृहस्थ म्हणाले की दुकान लुटारू आहे, बाई उद्धट आहेत आणि आपण पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही. मग त्यांनी बूट पिशवीत कोंबले आणि ते गेले. टेबलावर सांडलेली माती बाईंनी तळहाताने कडेला ओढली आणि डब्यात झटकली.

दुकानात सगळे त्यांना बदलबाई म्हणत. पोरं त्यांच्या पाठीमागे म्हणत, साहेब तोंडावर म्हणत आणि आता त्याही फोनवर "बदलबाई बोलतेय" असंच म्हणायच्या. खऱ्या नावाची गरज पगाराच्या दिवशी तेवढी पडे.

त्यांच्या टेबलावर दोन शब्द चालत. ते आधी समजून घ्या. पहिला 'बदल'. बूट चावला, रंग आवडला नाही, तर तो ठेवायचा आणि दुकानातलं दुसरं काहीतरी घ्यायचं. दुसरा 'परत'. बूट ठेवायचा, दिलेले पैसे घ्यायचे आणि घरी जायचं; जणू खरेदी झालीच नव्हती. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच वाटतात, कारण दोन्ही वेळा त्याच्या हातातला खोका जातो. खरा फरक टेबलाच्या मागच्या बाजूला आहे. बदलात आलेला बूट पुसून, नाडी नीट ओवून, पातळ कागदात गुंडाळून पुन्हा फळीवर जातो. परत आलेला बूट जातो पोत्यात. शनिवारी दुकान बंद व्हायच्या आधी बदलबाई ते पोतं मागच्या खोलीत ओढत नेत, स्टुलावर बसत आणि धारदार सुरीने एकेका बुटाचा तळ आडवा चिरत.

चांगले, कोरे बूट. परत आलेला माल हिशोबातून वजा होतो; तो कोणी उचलून दुसरीकडे विकू नये म्हणून कंपनीने तसा नियमच केला होता. नव्या असताना त्यांनी साहेबांना विचारलं होतं, "त्यापेक्षा कुणा गरजूला देऊ या की."

"दिलेत की आठवड्यात तेच बाजारात दिसतात, बाई. मग आपला माल कोण घेणार?"

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्याही वर कोणीतरी होतं आणि त्याच्याही वर कोणीतरी. बाईंनी विचारणं सोडलं. रविवारी त्यांचं मनगट ठणकायचं. त्या भावाकडे राहत. वहिनी म्हणायची, "बसून तर काम तुमचं, वन्सं, हात कसा दुखतो?" बाई म्हणायच्या, "लिहून लिहून." घरी त्यांनी सुरीचं कधी सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला तर सांगायचंच नाही, असा नियम होता. कोणी विचारलंच तर म्हणायचं, कंपनीकडे जातात.

तर त्या दुपारी नाचलेले बूट गेल्यावर टेबलापुढे एक म्हातारे गृहस्थ आले. उंच, काटक, उन्हाने रापलेले. त्यांच्या बोटाला धरून एक मुलगी होती, त्यांची नात. त्यांनी खोका टेबलावर ठेवला आणि थोडा पुढे सरकवला, आपल्यापासून लांब.

"हे परत घ्या."

बाईंनी झाकण काढलं. करड्या रंगाचे, मऊ तळाचे, बायकांचे चालायचे बूट. नाडी लाल. बुटांत कोंबलेला कागदही कोणी काढला नव्हता.

"लहान होतात का, काका?"

"नाही."

"चावतात?"

"घातलेच नाहीत."

"मग बदलून देते ना. याच मापात निळा आहे, काळा आहे."

"बदल नको. परत."

साहेबांनी सकाळीच बजावलं होतं की या महिन्यात परत फार झाले, लोकांना जरा गोडीगुलाबीने बदलावर वळवा. बाईंना ती गोडीगुलाबी आता पाठ होती. कंटाळाही तितकाच होता. "काकूंना एकदा विचारून बघा," त्या म्हणाल्या. "त्यांना इथे घेऊनच या. बसून निवांत बघतील."

"ती येऊ शकत नाही." म्हाताऱ्यांनी टेबलाची कड धरली. "पडून आहे. उजवी बाजू गेली तिची."

बाईंनी झाकण हळूच खोक्यावर ठेवलं.

"मी पाण्याचे मीटर वाचायचो," ते म्हणाले. विचारलं नव्हतं, तरी सांगू लागले. "दारोदार. सगळा जन्म चालण्यात गेला, म्हणून हा असा ठणठणीत आहे. घरी बसायला लागलो तसं हिला म्हटलं, तूही चल माझ्याबरोबर. ती म्हणायची, मी काय घरात कमी चालते? मीच हात धुऊन मागे लागलो. बूट आणले. म्हटलं, उद्यापासून कारणं नकोत. सकाळी उठवायला गेलो, तर तिला उठताच येईना."

मुलगी टेबलावरचा पेन फिरवत होती. तिने हे आधी ऐकलेलं असावं.

"खोका आजपर्यंत तिथेच होता, पलंगाशेजारच्या स्टुलावर. मी जवळ गेलो की तोंड फिरवते. तिला बघवत नाही ते."

"मग तुमच्यासाठी काही घ्या, काका. बदलात पुरुषांचंही मिळतं."

"तिच्या पायांच्या बदल्यात मी बूट घालू?"

ते मोठ्याने बोलले नाहीत. बाईंनी जास्त ताणलं नाही. परतीची पावती पुढे ओढली आणि त्या लिहू लागल्या. माणसं त्या टेबलाशी परत म्हणायची तेव्हा काहींना बुटाचे पैसे हवे असत आणि काहींना तो दिवसच पुसून हवा असे. दोघांनाही बाई एकच पावती देत. त्यांच्याकडे दुसरी नव्हती.

"आता हे बूट कुठे जाणार?" मुलीने विचारलं.

"कंपनीकडे."

"तिथे कोण घालतं?"

"कोणी नाही."

"मग कंपनी काय करते त्यांचं?"

बाईंचा हात थांबला. जा, आरसा बघ जा, तिकडे मोठा आरसा आहे, असं त्या लहान मुलांना म्हणायच्या. ते वाक्य ओठांवर आलं होतं. पण इतक्या वर्षांत ते वाक्यसुद्धा झिजून गेलं होतं.

"चिरतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे, मीच चिरते. शनिवारी."

"नवे?"

"नवेच."

"का?"

"कोणी घालू नयेत म्हणून."

सांगून झाल्यावर त्यांनी नकळत जिन्याकडे पाहिलं. साहेब दिसत नव्हते. मुलीने खोका आपल्याकडे ओढला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. म्हातारे मात्र बाईंकडेच बघत होते.

"चिरा," ते म्हणाले. "बरंच होईल. आणलेच नसते तर..."

"बूट आणल्याने कोणी आजारी पडत नसतं, काका."

"डॉक्टरही तेच सांगतात."

"मग?"

"डॉक्टर सांगून आपल्या घरी जातात."

बाहेरच्या बाजूला कोणीतरी टाच आपटून बूट घालून बघत होतं, तो आवाज येत राहिला.

"आजी तोंड फिरवत नाही," मुलगी म्हणाली.

"तुला नाही कळत ते, बाळ."

"तिला तिकडेच वळता येतं, आजोबा. या बाजूला मान येतच नाही तिची. मी पलंगाच्या त्या बाजूला जाऊन बसते, मग ती माझ्याशी बोलते."

"तिला बोलता कुठे येतं?"

"येतं. हळू येतं." मुलीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही थांबत नाही."

बाईंनी आपली खुर्ची पुढे केली. म्हातारे नको म्हणाले, आणि मग बसले.

"काय बोलते?" त्यांनी विचारलं.

"खूप काय काय. लाल नाडी छान आहे म्हणाली. आणि म्हणाली, तुझे आजोबा दुकानात गेले की स्वतःच्या पसंतीचं आणतात, मला कधी विचारत नाहीत. पण नाडी छान आहे."

म्हातारे हसल्यासारखे झाले. मग त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं आणि रुमालाची घडी घालत बसले, उलगडली, पुन्हा घातली. बाई उभ्याच होत्या. गुडघा दुखत होता, पण त्यांनी घाई केली नाही. घरी जाऊन हा माणूस पलंगाच्या कुठल्या बाजूला बसणार, हे काही पावतीवर ठरणार नव्हतं.

"आणि समजा, बदल केला," म्हातारे म्हणाले, "तर त्यांचं काय होतं?"

"पुन्हा फळीवर जातात. हे माप टिकत नाही, लगेच कोणीतरी नेईल."

"आणि घालून चालेल?"

"चालेलच की, काका. चालायचेच बूट आहेत."

ते खोक्याकडे बघत राहिले. मुलीचे हात अजून त्यावर होते.

"मग बदल करा," ते म्हणाले.

बाईंनी अर्धी लिहिलेली परतीची पावती फाडली. "काय देऊ?"

म्हाताऱ्यांनी मान वळवून दुकानाकडे पाहिलं. इतके दिवे, इतक्या फळ्या, माणसं उकिडवी बसून नाड्या बांधत होती. त्यांना काय मागावं हेच कळेना. "तिच्या पायांना आता कशाचं काय," ते स्वतःशीच पुटपुटले. "काहीही घातलं तरी कळणार नाही."

"एका पायाला कळतं," मुलगी म्हणाली.

"काय?"

"डाव्याला. मी रोज तेल लावते ना, तेव्हा उजवा गप्प असतो आणि डावा हसतो. आजी म्हणते पुरे, पुरे, तरी तो हसतो. थंडी पण त्यालाच वाजते."

बाईंनी जिन्याच्या पलीकडचा कोपरा दाखवला. "तिथे खालच्या फळीवर घरात घालायच्या सपाता आहेत. मऊ आहेत. बघ जा तुला कुठल्या पटतात."

"माप घ्यायला हवं," म्हातारे उठत म्हणाले. "ती चुकीचं काहीतरी आणेल. मीच..."

"बसा, काका. तिला पाय माहिती आहेत."

ते अर्धवट उठलेले पुन्हा बसले. बाईंनी खोक्यातून करडे बूट बाहेर काढले. पुसायला काहीच नव्हतं, तरी पुसले. लाल नाडी सुटी करून पुन्हा सरळ ओवली, दोन्ही टोकं सारखी केली, बूट खोक्यात ठेवले आणि कागदाची घडी त्यांवर अलगद टाकली. म्हातारे त्यांच्या हातांकडे बघत होते. खोका घेऊन बाई फळीपाशी गेल्या आणि त्यांनी तो पुढच्या रांगेत, हात पोचेल असा ठेवला.

तिकडे कोपऱ्यात मुलगी फरशीवर मांडी घालून बसली होती. तिने खालच्या फळीवरच्या सगळ्या सपाता आपल्यापुढे मांडून घेतल्या होत्या. प्रत्येक जोडातली उजवी तशीच ठेवून ती फक्त डावी उचलायची, आत मनगटापर्यंत हात घालायची, बोटं हलवायची आणि जरा वेळ तशीच थांबायची. मग ती खाली ठेवून पुढची डावी उचलायची.